कथेतली माणसं किती जगतील? आधी ती कशानं मरतात ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कथा २४५० सालात घडते. २१०० च्या सुमारास म्हातारपण थांबवणारा उपचार सापडलेला आहे. नायिका तीनशे वर्षांची आहे, तिची थोरली बहीण उपचार घेऊनही दोनशेव्या वर्षी गेली, आणि दुसऱ्याच पानावर एक वाक्य आहे: 'आता माणसाचं सरासरी आयुर्मान ५०० वर्षं झालं होतं.' हा ५०० पटण्यासारखा आहे का, १५० ठेवू, की माणूस अमर झाला असंच लिहू, असं तुम्ही विचारलंय.

मी ॲक्च्युअरी आहे. गेली सव्वीस वर्षं आयुर्विमा आणि पेन्शन यांचे दर काढण्याचं काम करतो. अमुक एक माणूस कधी जाईल ते आम्हाला कळत नाही, पण एकाच वयाच्या एक लाख माणसांपैकी या वर्षी किती जातील ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. त्या सवयीनं माझं मत आधीच सांगून टाकतो. आकडा आधी निवडू नका. तुमच्या जगात माणसं कशानं मरतात ते ठरवा, आकडा त्यातून निघेल. ५०० सुद्धा निघू शकतो, पण एका अटीवर. तिच्याकडे शेवटी येतो.

'सरासरी आयुर्मान' या शब्दानं होणारा घोळ आधी दूर करू. माझ्या आजीला नऊ मुलं झाली. चार लहानपणीच गेली: दोघं साधारण वर्षभराची, एक दोन वर्षांचं, एक तीन वर्षांचं. उरलेली पाच ७१, ७८, ८०, ८४ आणि ८७ वर्षं जगली. नऊ जणांची सरासरी काढली तर ४५ येते. पण पंचेचाळिशीच्या आसपास त्या घरात कुणीच गेलं नव्हतं. १९११ ते १९२१ या दशकात भारताचं सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षं होतं, स्वातंत्र्याच्या सुमारास ३२, आणि आज सत्तरच्या आसपास आहे. म्हणजे पूर्वी माणसं विशीत म्हातारी होत होती असं नाही. पाळण्यातले मृत्यू सरासरीला खाली ओढत होते. ही वाढ मिळाली ती मुख्यतः मुलं वाचवून, आणि ती खाण आता संपत आलीय. लहान मुलांचे मृत्यू शून्यावर आणले तरी पुढची शंभर वर्षं त्यातून मिळणार नाहीत.

दुसरा घोळ अधिक बारीक आहे, आणि तुमच्या कथेला तो थेट लागू होतो. आयुर्मानाचा तक्ता बनवताना आम्ही एक लाख काल्पनिक बाळं घेतो. त्यांना प्रत्येक वयात *या वर्षी* त्या वयाला असलेला मृत्यूचा धोका लावतो आणि ती सरासरी किती जगतील ते मोजतो. याचा अर्थ आज जन्मलेलं बाळ तेवढंच जगेल असा होत नाही, कारण पन्नास वर्षांनी धोके बदललेले असतील. आता तुमचं २४५० साल बघा. २१०० मध्ये सत्तरीत असलेल्या माणसानं उपचार घेतला असेल, तर तो २४५० मध्ये ४२० वर्षांचा असेल. पाचशे वर्षं जगून गेलेला एकही माणूस तुमच्या जगात असू शकत नाही. तरीही तिथल्या सरकारी अहवालात '५००' छापलेलं असू शकतं, कारण तो तक्त्यातून काढलेला आकडा आहे. तुमच्या पात्रांना मात्र हे जाणवायला हवं. आपण पाचशे वर्षं जगणार असं ज्यांना सांगितलं गेलंय, त्यांनी पाचशे वर्षांचा माणूस कधी पाहिलेला नाही.

आता मूळ यंत्रणेकडे वळतो. १८२५ मध्ये बेंजामिन गोम्पर्ट्झ या लंडनच्या गणितज्ञानं एक नियम मांडला. ज्यू असल्यामुळे त्याला विद्यापीठाचं दार बंद होतं, गणित तो घरीच शिकला आणि पुढे एका विमा कंपनीत काम करत होता. त्याला दिसलं असं की मोठ्या माणसाचा मरण्याचा धोका वयाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, ठरावीक वर्षांनी दुप्पट होतो. आजच्या आकड्यांत हा काळ साधारण आठ वर्षांचा आहे. तिशीत दोन हजारांतला एक जात असेल (आज कमी मृत्युदर असलेल्या देशांत धोका साधारण एवढाच आहे), तर अडतिसाव्या वर्षी हजारात एक, सेहेचाळिसाव्या वर्षी पाचशेत एक, असं ते चढत जातं. १८६० मध्ये विल्यम मेकहॅमनं त्यात एक स्थिर भाग जोडला. हा धोका वय बघत नाही: अपघात, पूर, खून. आम्ही आजही हिशेब मांडतो तेव्हा हे दोन भाग वेगळे ठेवतो. एक शरीर झिजण्याचा, दुसरा नुसत्या दैवाचा. तुमच्या उपचारानं यातला कोणता भाग बदलला, हे ठरलं की निम्मी कथा ठरते.

उपचार फक्त रोग बरे करत असेल, झीज तशीच राहत असेल, तर हाती फार लागत नाही. हे लोकांना पटत नाही, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. धोका दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. म्हणून उद्या सगळ्या वयांचे मृत्यू निम्म्यावर आणले, तर ४० वर्षांच्या माणसाचा धोका आजच्या ३२ वर्षांच्या माणसाएवढा होईल. फायदा झाला आठ वर्षांचा. मृत्यू दहापटीनं घटवले तर सुमारे २७ वर्षं मिळतात. शंभरपटीनं घटवले, म्हणजे आज जिथं शंभर जातात तिथं एकच गेला, तरी मिळतात ५३ वर्षं. आजच्या ८३ च्या आसपासच्या चांगल्या आयुर्मानात ती मिळवली तर १३६ येतात. कर्करोग जगातून पूर्ण गेला तर सरासरीत भर पडेल ती जेमतेम तीन वर्षांची, कारण त्यातून वाचलेल्या माणसाला झिजलेलं हृदय किंवा मेंदू थोड्याच काळात गाठतो. त्यामुळे 'सर्व रोगांवर औषध सापडलं आणि माणूस ३०० वर्षं जगू लागला' हे वाक्य माझ्या डोळ्यांना खटकतं.

इथं एक कबुली द्यायला हवी. माझ्या व्यवसायातली माणसं मर्यादा सांगताना अनेकदा चुकली आहेत. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी १९२८ मध्ये हिशेब करून सांगितलं की सरासरी आयुर्मान ६४.७५ वर्षांपलीकडे जाणार नाही. न्यूझीलंडमधल्या माओरी नसलेल्या स्त्रियांनी ती रेषा त्याआधीच ओलांडली होती. १८४० पासून पुढची दीडशे वर्षं जगातलं सर्वोच्च स्त्री-आयुर्मान दर दशकाला सुमारे अडीच वर्षांनी वाढत गेलं. आधी स्वीडन पुढे होता, नंतर जपान. पण १९९० नंतर सर्वांत दीर्घायुषी देशांत हा वेग मंदावलाय, आणि वरचं टोक तर हललेलंच नाही. फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्माँ १९९७ मध्ये १२२ वर्षांच्या होऊन गेल्या, तो विक्रम अजून मोडलेला नाही. १९६५ मध्ये नव्वदीच्या काल्माँबाईंशी एका वकिलानं करार केला होता: त्या हयात असेपर्यंत दरमहा २,५०० फ्रँक द्यायचे आणि त्यांच्या पश्चात घर आपलं. तो वकील १९९५ मध्ये वारला, त्यांच्या आधी, घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे देऊन. एका माणसावर लावलेला अंदाज आणि एक लाख माणसांवर लावलेला अंदाज यांतला फरक मी नवीन मुलांना शिकवतो, तो याच गोष्टीनं.

झीज नुसती मंदावली, म्हणजे तिशीनंतर धोका आठऐवजी सोळा वर्षांनी दुप्पट होऊ लागला, तर आयुर्मान १२० च्या आसपास जातं. १५० वर्षांचं जग हवं असेल तर झीज याहून जास्त मंद करा. ते शांत, सावकाश म्हाताऱ्या होणाऱ्या माणसांचं जग असेल. सहस्रचंद्रदर्शन तिथं मध्यमवयातला कार्यक्रम असेल.

तुमच्या कथेत मात्र झीज थांबलीय, आणि त्यानं चित्र मुळापासून बदलतं. झीज शून्य झाली की उरतो तो मेकहॅमचा भाग. भारताचेच आकडे घ्या. २०२२ मध्ये देशात अपघाती मृत्यू सुमारे ४ लाख ३० हजार झाले, आत्महत्या १ लाख ७१ हजार आणि खून साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास. बेरीज सुमारे ६ लाख ३० हजार. लोकसंख्या १४० कोटी धरली, तर वर्षाला दर २,२०० माणसांत एक. धोका वयाबरोबर बदलत नसेल तेव्हा सरासरी आयुष्य काढायला भागाकार पुरतो: २,२०० वर्षं. रस्ते, विहिरी, विजेच्या तारा आणि माणसांची दुःखं आजचीच राहिली, तर म्हातारपण नसलेला भारत इतका जगेल.

पण इथं 'सरासरी' हा शब्द आणखी फसवा होतो. आज बहुतेकांचा मृत्यू सत्तर ते नव्वदच्या पट्ट्यात गर्दी करतो, म्हणून सरासरी काहीतरी सांगते. या नव्या जगात गर्दी कुठेच नाही. शंभर वर्षांच्या आत साडेचार टक्के जातात. हजार वर्षांपर्यंत ६३ टक्के टिकतात. निम्मे लोक साधारण १,५०० वर्षांच्या आत गेलेले असतात. दहा हजार वर्षं पाहणारा मात्र शंभरात एक निघतोच. आणि सगळ्यांत विलक्षण गोष्ट म्हणजे वय काहीच सांगत नाही. तुमची तीनशे वर्षांची नायिका आणि तिची तिशीतली खापरपणती, दोघींची उरलेली सरासरी वर्षं अगदी सारखी आहेत. 'मोठ्यांनी आधी जायचं' हा क्रम, ज्यावर आपली सगळी नाती, मृत्युपत्रं आणि श्राद्धं उभी आहेत, तो तिथं नाही. आई लेकीच्या आधी जाईल याची शक्यता निम्मी-निम्मी. मी लेखक असतो तर 'अमर' हा शब्द सोडून इथंच थांबलो असतो.

आता उपचाराच्या स्वरूपाकडे. तो माणसाला पुन्हा तरुण करतो, की आहे तिथं थांबवतो? तुम्ही 'थांबवणारा' असं लिहिलंय, आणि तसं असेल तर उपचार कोणत्या वयात घेतला यावर सगळं अवलंबून आहे. धोका त्या वयाला गोठतो. तिसाव्या वर्षी घेतला तर पुढे सरासरी २,००० वर्षं. अडतिसाव्या वर्षी १,०००. सेहेचाळिसाव्या वर्षी ५००. चोपन्नाव्या वर्षी २५०. बासष्टाव्या वर्षी १२५. सत्तराव्या वर्षी साधारण ६२. आठ वर्षांचा उशीर झाला की उरलेलं आयुष्य निम्मं होतं. शिवाय ज्या वयाला थांबलो त्या वयाचं शरीर घेऊनच ती वर्षं काढायची: सत्तरीत थांबलेल्या माणसाचे गुडघे बासष्ट वर्षं सत्तरीचेच. जखम भरत नाही आणि मरणही येत नाही असा अश्वत्थामा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. नुसती लांबी मोजून भागत नाही, हे त्या गोष्टीनं आपल्याला कधीच सांगितलंय.

हे मला इतकं टोचतं त्यामागे कामातला एक अनुभव आहे. उमेदवारीच्या दिवसांत मी पेन्शन योजनेचे दर काढताना विमा घेणाऱ्यांची मृत्युसारणी वापरली होती. वरिष्ठांनी कागद परत केला आणि विचारलं, "पेन्शन विकत घेतं कोण?" उत्तर साधं होतं: ज्याला आपण खूप जगणार असा भरवसा आहे आणि ज्याच्या हातात एकरकमी पैसा आहे तो. असे लोक खरोखर जास्त जगतात, म्हणून आमच्याकडे त्यांची सारणी वेगळी असते. तुमच्या २१०० सालातही तिशीत उपचार घेणारे कोण असतील याचा विचार करा. आजच, कुठलाही चमत्कारी उपचार नसताना, केरळ आणि छत्तीसगड यांच्या आयुर्मानात दहा वर्षांच्या आसपास अंतर आहे. ज्या जगात आठ वर्षं रांगेत थांबल्यानं आयुष्य निम्मं होतं, तिथं हे अंतर शतकांचं होईल. त्या जगाची एकच सरासरी छापणं मला अन्यायाचं वाटतं. दोन हजार वर्षंवाले आणि साठ वर्षंवाले एकाच आकड्यात मिसळले की साठवाले दिसेनासे होतात.

पैशांचं म्हणाल तर एक गोष्ट तुम्हाला अनपेक्षित वाटेल. सहा टक्के व्याजानं वर्षाला एक लाखाची पेन्शन वीस वर्षांसाठी आज साधारण साडेअकरा लाखांत पडते, आणि अनंत काळासाठी १६ लाख ६७ हजारांत. व्याज टिकलं तर दोन हजार वर्षांच्या माणसाला पेन्शन देणं परवडतं. व्याज दोन टक्क्यांवर आलं की तीच अनंत पेन्शन ५० लाखांना जाते. सगळेच बचत करणारे असलेल्या जगात व्याज सहा टक्के राहील असं मला वाटत नाही.

मुलांचं काय, हेही ठरवा. लोकसंख्या १४० कोटींवर स्थिर ठेवायची आणि आयुर्मान २,२०० असेल, तर वर्षाला जितके मृत्यू तितकेच जन्म: सुमारे ६ लाख ३० हजार. आज भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त मुलं जन्माला येतात. अठराखालची मुलं शंभरात एकाहूनही कमी. साडेबाराशे वस्तीच्या गावात मिळून दहा. गावच्या शाळेत एकच वर्ग, आणि बारशाला आख्खा तालुका लोटलेला.

वरचा सगळा हिशेब ज्या गृहीतांवर उभा आहे, त्यातली काही डळमळीत आहेत. पेशींमधले बिघाड साठत जाऊन होणारे कर्करोग तुमचा उपचार रोखतो का? मेंदूत हजार वर्षांच्या आठवणी मावतात का? गमावायला दोन हजार वर्षं असलेली माणसं रस्त्यावर उतरतील का, की घराबाहेरच पडणार नाहीत? यांची उत्तरं तुम्ही द्यायची. एका गोष्टीचा मात्र मी आग्रह धरीन, ती म्हणजे साथी. अपघात एकेकट्या माणसाला गाठतात, साथ सगळ्यांना एकदम गाठते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. दर शंभर वर्षांनी अशी एक साथ येऊन शंभरातली पाच माणसं नेते असं धरलं, तर २,२०० ची सरासरी थेट हजाराच्या आसपास उतरते. दोन हजार वर्षं जगणाऱ्या माणसानं अशा वीस साथी पाहिलेल्या असतील. त्याच्या बोलण्यात त्या यायला हव्यात, जशा आमच्या आजीच्या बोलण्यात प्लेगच्या आठवणी यायच्या.

आता तुमच्या ५०० कडे. तो ठेवता येईल, आणि माझ्या मते ठेवावाच. जन्मापासून मोजलेली सरासरी ५०० यायची असेल, तर तुमच्या जगात लोकांना हा उपचार साधारण सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळतो असं मानावं लागेल. तिशीत नाही. मग का? परवानगीचं वय ठरलंय? किंमत जमवायला पंचवीस वर्षांची नोकरी लागते? मुलं मोठी होईपर्यंत उपचार घेऊ नये असा कायदा आहे?

थोरल्या बहिणीचं दोनशेव्या वर्षी जाणंही हिशेबात चपखल बसतं. तिनं बासष्टाव्या वर्षी उपचार घेतला असेल, तर पुढे १३८ वर्षं म्हणजे सरासरीहून थोडी जास्तच. धाकटीनं, तुमच्या नायिकेनं, तिसाव्या वर्षी घेतला असेल, तर तिच्यापुढे अजून सरासरी दोन हजार वर्षं आहेत. एकाच घरातल्या दोन बहिणी, उपचार दोघींच्या जन्माआधीच सापडलेला, आणि थोरलीला त्यासाठी बत्तीस वर्षं जास्त लागली. तेवढी वर्षं ती काय करत होती, आणि धाकटीच्या उपचाराचे पैसे कुणी भरले?